.315 की .30-06? आणि नळी खरंच किती झिजते?

पत्र: मोहोळ तालुक्यात आमचं नऊ एकर रान आहे. निम्म्यात ऊस, बाकीत मका आणि भुईमूग. रानडुकरांनी गेली दोन वर्षं मका हाताला लागू दिला नाही. वडिलांच्या माघारी त्यांची .315 रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली आहे. गावातले एक गृहस्थ त्यांची .30-06 विकायला काढतायत. आमचे एक पाहुणे म्हणतात, ".30-06 घेऊ नको, ती नळी खाते." दुसरे म्हणतात, "जुनी .315 म्हणजे नळी गेलेलीच असणार." शिकारीला कुठलं काडतूस बरं? आणि नळी गेली की राहिली, हे ओळखायचं कसं?
— एक शेतकरी, मोहोळ

उत्तर:

नमस्कार दादा,

आधी कायद्याचं बघू. तिथे चूक झाली तर हातात कुठलं काडतूस होतं, हे कोणी विचारत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीवर बंदी आहे. तुमच्या शस्त्र परवान्यावर 'पीक संरक्षण' असं कारण लिहिलेलं असलं, तरी तो शस्त्र बाळगायचा परवाना झाला, डुक्कर मारायचा नव्हे. त्यासाठी कलम 11(1)(ब) खाली वन विभागाचा वेगळा लेखी आदेश लागतो. त्यात प्राणी आणि क्षेत्र ठरवून दिलेलं असतं. अर्ज तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात करा. सोबत सातबारा, नुकसानीचे फोटो आणि झाला असेल तर पंचनामा जोडा. आदेश हातात येईपर्यंत रायफल कपाटात राहू द्या. मारलेलं डुक्कर कलम 39 प्रमाणे सरकारी मालमत्ता असतं. म्हणून जनावर पडलं की वन विभागाला कळवायचं. मांसाचे वाटे घालायचे नाहीत. काळवीट अनुसूची 1 मध्ये आहे. त्याने मका खाल्ला तरी त्याच्यावर रायफल रोखायची नाही.

मोहोळकरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं आणि त्याचे तुकडे मोहोळ, माढा, करमाळा तालुक्यांत विखुरलेले आहेत. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नावनोंदणी करावी, असं कलम 34 सांगतं. तिथे नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. तुमचा गट नंबर या पट्ट्यात येतो का, हे अर्ज देतानाच विचारून घ्या. वडिलांनी ती नोंदणी केली होती का, तेही कागदांत शोधा.

आता काडतूस.

सामान्य परवान्यावर .303 किंवा फौजी 7.62 ची रायफल मिळत नाही, ते बोअर (नळीच्या भोकाची मापं) प्रतिबंधित आहेत. .22 ची गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची. तिने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या माणसांवर येतं. .22 चा विचारच सोडा. मग उरतात तुम्ही लिहिलेली दोनच, आणि क्वचित एखाद्या जुन्या घराण्यातून आलेली .275 किंवा .375. या जुन्या विलायती रायफली घडणीला सुंदर असतात, पण त्यांची काडतुसं परदेशातून येतात. दुकानदाराकडे आज एक डबी मिळाली म्हणून पुढच्या वर्षी मिळेलच, असं नाही. बरं, घरी काडतुसं भरायची म्हटलं तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार त्यालाही परवाना लागतो. म्हणून आपल्याकडे काडतूस निवडताना पहिली कसोटी कागदावरच्या वेगाची लावू नका. ते काडतूस सोलापूर किंवा पुण्याच्या दुकानात वर्षानुवर्षं मिळत राहणार आहे का, ते बघा. .315 इथे भक्कम आहे. रायफल ईशापूरच्या सरकारी कारखान्याची आणि काडतूस आपल्या खडकीचं.

.315 म्हणजे जुनं 8 मिलिमीटरचं काठवाल्या बुडाचं काडतूस. गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास 15.8 ग्रॅम, बोथट नाकाची, जड आणि वेगाला मध्यम. .30-06 हे 1906 सालचं अमेरिकन काडतूस. त्यात साधारण 180 ग्रेनची, म्हणजे 11.7 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने सुटते. दोन्ही रायफली 100 मीटरला नेम लावून ठेवल्या, तर 200 मीटरला .30-06 ची गोळी सुमारे 10 सेंटिमीटर खाली जाते. .315 ची त्याच्या दुपटीहून जास्त. फरक दिसायला मोठा आहे, पण तुमच्या कामात 200 मीटर येतात कुठे? उसाच्या बांधावर किंवा मक्याच्या फडात डुक्कर दिसतं ते 30 ते 70 मीटरवर, तेही टॉर्चच्या उजेडात. त्या अंतरावर जड आणि संथ गोळी उत्तम काम करते. नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. ती भेदून आत शिरायला .315 ला काही अडचण नाही. मात्र गोळी सॉफ्ट नोजच हवी, म्हणजे पुढचं टोक मऊ असलेली, आदळताच पसरणारी. पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी आरपार निघून जाते, मागे कोण आहे ते तिला कळत नाही आणि जनावर लवकर पडत नाही.

सोलापूरच्या सपाट रानात आणखी एका गोष्टीची आम्हाला फार काळजी वाटते. इथे गोळी अडवायला डोंगर नाही. .30-06 ची गोळी वर कोन करून सुटली, तर 4 किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. .315 सुद्धा किलोमीटरच्या हिशेबातच मोजायची. हंगामात फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात, रात्री पाणी द्यायला माणसं रानात असतात. म्हणून जमिनीवर उभं राहून आडवी गोळी कधीच मारू नका. किमान 3 मीटर उंच माळा बांधा, खाली उतरत्या कोनात मारा, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाईल. काळी माती गोळी गिळते. उघडा मुरूम किंवा काळा दगड असेल तिथे गोळी उसळते, तो कोपरा आधीच ठरवून वर्ज्य करा. इतकी दक्षता घेणं ज्यांना शक्य नाही त्यांनी रायफलीऐवजी 12 बोअरची बंदूक आणि एलजी किंवा एसजी छर्रा वापरावा. तिचा पल्ला 30 मीटरच आहे, पण चुकलेला छर्रा काहीशे मीटरच्या आत खाली पडतो.

आता नळीचं.

नळी झिजते म्हणजे काय होतं, ते नीट समजून घ्या, म्हणजे पाहुण्यांचं म्हणणं आपोआप तोलता येईल. गोळीचं कवच तांब्याचं असतं, ते पोलादाला घासून फार खात नाही. नळी खाते ती जळणारी दारू. काडतूस पेटलं की चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या तोंडाशी अडीच हजार अंशांहून गरम वायू प्रचंड दाबाने अरुंद वाटेत घुसतो. .30-06 मध्ये हा कमाल दाब 4,050 बारपर्यंत धरलेला आहे. चेंबर संपून पिळाच्या खाचा जिथे सुरू होतात, त्या दोनतीन इंचांत, म्हणजे थ्रोटमध्ये, पोलादाचा पापुद्रा क्षणभर तापतो आणि लगेच थंड होतो. असं शेकडो वेळा झालं की तिथे उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानासारखी बारीक तडांची जाळी पडते. मग वायू त्या तडांच्या कडा उडवत जातो. खाचांची सुरुवात पुढे सरकते, गोळीला खाचांत शिरण्याआधी मोकळी उडी घ्यावी लागते आणि ती किंचित वाकडी शिरते. नेम पसरायला लागतो तो इथून.

यावरून झिजेचा साधा हिशेब निघतो: दारू किती आणि ती किती जाड भोकातून बाहेर पडते. .30-06 मध्ये 50 ते 57 ग्रेन, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम दारू 7.62 मिलिमीटरच्या भोकातून जाते. हे प्रमाण मध्यम आहे. नीट वापरलेली .30-06 ची नळी 3,000 ते 5,000 गोळ्या चांगला नेम देते, असा नेमबाजांचा सर्वसाधारण अंदाज आहे. .243 मध्ये दारू थोडी कमी पण भोक बरंच अरुंद, तिथे हा आकडा 1,500 ते 2,500 पर्यंत खाली येतो. .264 विंचेस्टर मॅग्नममध्ये .30-06 पेक्षा जास्त दारू 6.7 मिलिमीटरच्या गोळीमागे भरलेली असते. ती हजार-दीड हजारांत थकते. नळी खाणारी काडतुसं म्हणायची तर ही. .315 मध्ये भोक जाड, दाब कमी, वेग कमी, त्यामुळे तिची नळी .30-06 हूनही जास्त टिकते.

आता तुमचा वापर धरा. वर्षाला नेम तपासायला आणि सरावाला 20, प्रत्यक्ष कामाला 10. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील याची मर्यादाही असतेच. वर्षाला 30 धरल्या तर 3,000 गोळ्या व्हायला 100 वर्षं लागतील. म्हणजे ".30-06 नळी खाते" हे कारण तुमच्या बाबतीत निकालात निघालं. ती घेऊ नका असं आम्हीही म्हणू, पण वेगळ्या कारणाने: तुमच्या अंतराला तिची गरज नाही.

मग जुन्या रायफलींच्या नळ्या जातात कशाने? गंजाने आणि चुकीच्या साफसफाईने. दुसऱ्या पाहुण्यांचं म्हणणं म्हणूनच तपासून बघण्यासारखं आहे. .315 ची नळी गोळ्यांनी गेलेली नसणार, पण वर्षानुवर्षं रेक्झिनच्या पिशवीत बंद पडून गेलेली असू शकते. पिशवीचं अस्तर ओल धरतं. परतीच्या पावसाची दमट हवा एकदा आत कोंडली की ती महिनोन्‌महिने नळीला चिकटून राहते.

तपासणी अशी करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट मागे ओढून बाहेर काढा. नळी कोरडी पुसून घ्या, कारण तेलाचा थर खड्डे लपवतो. चेंबरच्या बाजूला पांढरा कागद धरून त्यावर टॉर्चचा उजेड पाडा आणि तोंडाच्या बाजूने बघा. मग उलट बाजूने. खाचांच्या कडा टोकदार, सलग आणि आरशासारख्या दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके दिसले तर ते मळ आहेत की खड्डे, हे पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट फिरवून ठरवा. मळ निघतो, खड्डा राहतो. विखुरलेले चारदोन उथळ खड्डे असतील तर घाबरू नका, नेम फारसा बिघडत नाही. चेंबरलगत राखाडी खरबरीत पट्टा असेल तर ती वर सांगितलेली झीज. नळीच्या मध्यावर गडद कड्यासारखी सावली दिसली, तर तिथे कधीतरी चिंधी किंवा माती अडकलेली असताना गोळी सुटून नळी फुगलेली आहे. अशी रायफल पुन्हा चालवायची नाही, परवानाधारक कारागिराकडे न्यायची.

नळीचं तोंड वेगळं बघा. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या कडेवर सगळा नेम अवलंबून असतो. पुल-थ्रूची, म्हणजे नळी पुसायची दोरी रोज एकाच बाजूने घासून ओढली की ती कड एका अंगाला झिजते, मग मागून येणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो. नळी आतून लखलखीत आणि तरी नेम पसरतोय, अशा वेळी बहुधा इथेच दोष असतो. उपाय आहे, कड नव्याने कातून घेता येते. पण त्यात नळी आखूड होते आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 नुसार विनापरवाना नळी आखूड करणं गुन्हा आहे. गावातल्या लेथवाल्याकडे अजिबात जाऊ नका.

यापेक्षाही गंभीर गोष्ट लोक तपासतच नाहीत, ती म्हणजे उडालेली पुंगळी, काडतुसाचं मागे राहिलेलं रिकामं कवच. नेम पसरला तर डुक्कर वाचतं. पुंगळी फुटली तर तुमचा डोळा जातो. परवानगीच्या जागी दोनतीन गोळ्या झाडल्या की पुंगळ्या उचलून बघा. बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर चमकदार गोल पट्टा उमटलेला दिसला, किंवा टोपी (बुडातली ठिणगी देणारी चकती) बुडाच्या पातळीहून बाहेर आलेली असली, तर बोल्ट आणि चेंबर यांतलं अंतर वाढलेलं आहे. पुंगळी तिथून तुटायच्या बेतात असते. तिथेच थांबा. .30-06 वाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं: तिच्या चेंबरमध्ये 7.62 बाय 51 चं काडतूस बसल्यासारखं वाटतं. ते 12 मिलिमीटरने आखूड आहे, पुंगळी आत फाटते आणि वायू मागे येतो.

शेवटची कसोटी कागदावर. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून 50 मीटरवरून तीन गोळ्या, उघड्या माशीने. तिन्ही 7-8 सेंटिमीटरच्या आत बसल्या तर .315 तुमच्या कामाला ठणठणीत आहे. डुकराच्या पुढच्या पायामागची मर्माची जागा 15 सेंटिमीटरहून मोठी असते. पसारा जास्त आला तर लगेच नळीवर खापर फोडू नका. आधी लाकडी दस्त्याचे स्क्रू आवळा, पुढची माशी हलते का बघा, तांब्याचा थर काढा आणि पुन्हा मारा. कागदावरची भोकं गोल न येता लांबट आली, तर मात्र गोळी आडवी होऊन जातेय. तो नळी गेल्याचा खरा पुरावा.

नेम बघताना तीन गोळ्यांनंतर थांबा. मे महिन्याच्या उन्हात नळी आधीच तापलेली असते. हात लावून पाच सेकंद ठेवता आला पाहिजे, तरच चौथी गोळी. तापलेल्या नळीतून धडाधड वीस गोळ्या मारल्याने जितकी झीज होते, तितकी गार नळीतून त्याच्या कितीतरी पट गोळ्यांनीही होत नाही.

साफसफाई त्याच दिवशी करा, सकाळवर टाकू नका. अखंड एका तुकड्याचा गज वापरा, जोडाच्या गजाचे सांधे खाचांना घासतात. .315 चा बोल्ट मागे निघतो, म्हणून गज नेहमी चेंबरकडून घाला. सॉल्व्हंटची ओली चिंधी फिरवा, 10-15 मिनिटं थांबा, पितळी ब्रशचे दहा-बारा फेरे द्या. ब्रश नळीत मध्येच उलटा ओढू नका, पूर्ण बाहेर काढून मगच मागे घ्या. मग कोऱ्या चिंध्या. निळसर हिरवा डाग म्हणजे अजून तांबं आहे. चिंधी पांढरी आली की बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते सुकून चिकट होतं आणि धूळ धरतं. रॉकेलने मळ निघतो, पण रक्षण होत नाही. पुढच्या वेळी झाडण्याआधी नळी आणि चेंबर कोरडं पुसून घ्या. तेलातून गेलेली पहिली गोळी भलतीकडे लागते.

वडिलांच्या वेळची काडतुसं घरात शिल्लक असतील तर शक्यतो वापरू नका, दुकानदाराला दाखवा. जुन्या काही काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार नळीत उरतो, हवेतली ओल खेचतो आणि दोन रात्रींत गंज चढवतो. हा क्षार तेलात किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. असं काडतूस चुकून झाडलं गेलं असेल तर चेंबरकडून नरसाळ्याने लिटरभर उकळतं पाणी नळीतून सोडा. पाणी लाकडात जाऊ देऊ नका. नळी गरम असल्याने लगेच वाळते, मग तेल द्या आणि दुसऱ्या दिवशी चिंधी फिरवून तांबूस डाग येतो का बघा.

रायफल पिशवीतून काढून कोरड्या, कुलूपबंद कपाटात, नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे जास्तीचं तेल बोल्टकडे आणि लाकडात उतरणार नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. मे महिन्यात ती जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तापलेल्या दारूचा दाब वाढतो.

तपासणीत .315 नापास झालीच, तर त्या गृहस्थांच्या .30-06 चा विचार जरूर करा. तीही वरच्याच पद्धतीने तपासा आणि कारखान्याची प्रूफची, म्हणजे दाबाची चाचणी झाल्याची खूण आहे ना, हे बघा. व्यवहार तोंडी करू नका: विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस उलटल्यावरच हस्तांतरण करता येतं. तुमच्या परवान्यावर ती रायफल आधी मंजूर झालेली हवी. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात. घरात आणखी एखादी 12 बोअर तुमच्या नावावर असेल, तर .315 आधी जमा करावी लागेल.